जिन्याखालचा संडास

माझा भाऊ घर बांधतोय. नकाशात तळमजल्यावर एक छोटासा चौकोन आहे आणि त्या चौकोनावरून नवरा-बायकोत चांगलंच वाजलंय. भावजयीला खाली संडास हवा आहे. भावाचं म्हणणं, वर आहे तेवढा पुरे, जिन्याखाली कपाट करू, चपला-छत्र्या तरी जागेवर राहतील. दोघंही हटेनात तेव्हा त्याने मला फोन केला, कारण आमच्याकडे जिन्याखाली संडास आहे. म्हणाला, "ताई, एका वाक्यात सांग. उपयोग होतो, की नुसती जागा जाते?"

एका वाक्यात सांगायला मी काय जाहिरात आहे? त्याला म्हटलं, सवडीने घरी ये, चहा घे, सगळं सांगते. त्याला सवड कुठली. म्हणून इथे सांगते. विषय संडासाचा आहे, नाक मुरडायचं असेल त्याने आत्ताच मुरडून घ्यावं. आणि संडासाचं सांगायचं तर आधी माझ्या सासऱ्यांचं सांगावं लागेल.

बाबा, म्हणजे माझे सासरे, बस कंडक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी गाडीच्या मागच्या दारात उभं राहून काढली. चामड्याच्या पिशवीचा पट्टा कायम डाव्या खांद्यावर, त्यामुळे तो खांदा उजव्यापेक्षा जरा खाली आलेला. मी शिवणकाम करते, मला अशा गोष्टी आधी दिसतात. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी त्यांच्या अंगावरचा शर्ट पाहिला, तो एका बाजूने सारखा घसरत होता आणि ते सारखा वर ओढत होते. मी न विचारता माप घेतलं आणि एक खांदा उतरता ठेवून नवा शर्ट शिवला. तो घालून ते आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. मग सासूबाईंना म्हणाले, "हिने मला सरळ केलं." तेव्हापासून त्यांचे सगळे शर्ट मीच शिवते, आणि दुकानातून आणलेला शर्ट त्यांना कुणी भेट दिला की ते तो तोंडभर कौतुक करून कपाटात ठेवून देतात.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. स्टॉप राहत. कोण कुठे चढतं आणि कुठे उतरतं, यावरून त्यांनी अख्खं गाव डोक्यात लावून ठेवलं होतं. टाकीजवळची, दवाखान्यासमोरचा, पुलाखालचे मास्तर. माझं माहेर बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पलीकडे, म्हणून मी 'शेवटचा स्टॉप'. रागावले असले की मात्र "सूनबाई" म्हणत, त्यामुळे सूनबाई ऐकलं की मी आधी काय बिघडवलंय ते आठवायला लागायची.

घर आमचं अरुंद आणि उंच. खाली रस्त्याला लागून एक मोठी खोली आणि मागे स्वयंपाकघर. वर दोन खोल्या. त्यांतल्या मोठ्या खोलीतून आत गेलं की न्हाणीघर आणि संडास. ज्याने घर बांधलं त्याला वाटलं असणार, माणसाला जी काही गरज पडेल ती वर असतानाच पडेल. जिना अंधारा, मध्ये एक वळण, आणि त्या वळणावर आमचं लोखंडी कपाट एकदा असं अडकलं होतं की दोन दिवस घरातली अर्धी माणसं वर आणि अर्धी खाली जेवली.

खालच्या मोठ्या खोलीत माझं शिवणाचं काम. ब्लाउज, ड्रेस, शाळांचे गणवेश, पडदे, जे येईल ते. बायका यायच्या, माप द्यायच्या, पडद्याआड ट्रायल करायच्या आणि मग गप्पा मारत बसायच्या. बसल्यावर चहा व्हायचा, आणि चहा झाल्यावर पुढचं व्हायचंच. मग एकजण माझ्या कानाशी येऊन म्हणायची, "ताई, जरा वर जाऊन येते." आमच्या घरात 'वर जाऊन येते' याला एकच अर्थ होता.

सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर वर्षभरात बाबा बाजारातून येताना पदपथाच्या कडेला अडखळून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीवर वॉकर धरून चालतील, जिना मात्र विसरा. आता संडास वर, म्हणजे बाबा वर. यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं, संडासाला लागून असलेल्या त्यांच्याच मोठ्या खोलीत पलंग खिडकीपाशी सरकवला, आणि ज्या माणसाने आयुष्य रस्त्यावर काढलं तो एका खोलीचा झाला.

पण बायकांचं वर जाणं काही थांबलं नाही. थांबणार कसं? आता त्यांना बाबांच्या पलंगासमोरून जावं लागायचं. सुरुवातीला त्या संकोचायच्या, मान खाली घालून भरभर जायच्या. बाबांनीच तो संकोच मोडला. पहिल्याच आठवड्यात टाकीजवळची बाई दारात घुटमळली, तर म्हणाले, "पुढे चला, आत जागा आहे." ती खो खो हसत आत गेली. बाहेर आल्यावर थांबली, विचारपूस केली, आणि खाली यायला तिला बराच वेळ लागला. तोवर जिन्यात दुसरी उभी.

मग बाबांनी पद्धत घालून दिली. खालच्यांना वर कोणी आहे की नाही ते कळायचं नाही, जिन्यात गर्दी व्हायची. त्यांनी पलंगाशेजारची काठी घेतली आणि जमिनीवर ठोकायला सुरुवात केली. कोणी आत गेलं की एक टोला. मोकळं झालं की दोन. कंडक्टरची घंटी अशीच असते, एक वाजली की गाडी थांबते, दोन वाजल्या की सुटते. माझ्या डोक्यावर छतातून ठक आलं की खाली बसलेल्या बायका म्हणायच्या, "थांबा गं." ठक ठक आलं की, "चला, कुणाचा नंबर?" नवीन गिऱ्हाईक दचकून वर बघायचं, त्याला सगळ्याजणी मिळून नियम समजावून सांगायच्या.

आणि बाबा ड्युटीवर असल्यासारखे राहायला लागले. सकाळी उठून गुळगुळीत दाढी. उतरत्या खांद्याचा इस्त्रीचा शर्ट. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचा मुलगा पुन्हा नापास झाला, कुठल्या रस्त्याचं काम रखडलं, सगळ्या बातम्या त्यांना माझ्या आधी कळायच्या. रात्री जेवणाचं ताट घेऊन गेले की तेच मला सांगायचे. माझ्या गिऱ्हाइकांच्या बातम्या मला वरून कळत होत्या. एकदा म्हणाले, "बघ, या सगळ्या वर येतात आणि खाली परत जातात. माझं मात्र पुढचं वर जाणं तेवढं बाकी आहे." मी रागावले, तर म्हणाले, "अगं, अजून घंटी नाही झाली."

आता माझी नणंद. मोठी प्रेमळ आहे, आणि तिचं प्रेम आलं की घरात फर्निचर हलतं. ती चार दिवस राहायला आली आणि पहिल्याच दुपारी कपाळाला हात लावून खाली उतरली. मला म्हणाली, "वहिनी, काय चाललंय हे? बाबांची खोली आहे की धर्मशाळा? म्हाताऱ्या माणसाने दुपारी डोळा लावायचा, तर एक बाई येते, एक जाते."

माझा नवरा मान हलवायला लागला. बहिणीसमोर त्याची मान आपोआप हलते.

"दादा, जिन्याखाली काय आहे?" तिने विचारलं.

जिन्याखाली माझी कापडाची गाठोडी, मोडका पंखा, आणि टाकवत नाहीत पण लागतही नाहीत अशा वस्तू होत्या. "तिथे एक छोटा संडास बसतो," नणंद म्हणाली. "गिऱ्हाइकं खालच्या खाली. बाबांना शांतता."

मी तरी कुठे नाही म्हटलं? दिवसभर जिन्यात होणारी ती वर्दळ, त्या चपला, पायरीवर सांडलेला चहा, या सगळ्याने माझ्याही नाकी नऊ आले होते. मला तर ते ऐकूनच बरं वाटलं. आम्ही तिघं वर गेलो आणि बाबांना सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमची सोय होत असेल तर करा." नणंद म्हणाली, "आमची नाही बाबा, तुमची." त्यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले. आम्हाला वाटलं, भरून आलं असेल.

प्लंबर आला. आमच्या भागातल्या या प्लंबरचं काम कमी आणि बोलणं जास्त, पण केलेलं काम गळत नाही. जिन्याखाली वाकून, बसून, आडवा होऊन त्याने सगळं बघितलं आणि टेप गुंडाळत विचारलं, "ताई, घरात कोणी म्हातारं माणूस आहे का?"

मी म्हटलं, "आहेत, पण ते वर असतात."

"मग प्रश्न नाही," तो म्हणाला, आणि कामाला लागला.

संडास झाला. छोटा, पण देखणा झाला. पांढऱ्या फरश्या, कमोड, हात धुवायला कोपऱ्यात परातीएवढं बेसिन. वरून जिना उतरत गेलेला, त्यामुळे आतलं छतही तिरकं. माझ्या नवऱ्याने उद्घाटन केलं आणि उठताना असं डोकं आपटलं की त्याचं "आई गं" वरपर्यंत ऐकू गेलं. मग मी त्या जागी फोमचा तुकडा कापडात शिवून चिकटवला. गिऱ्हाइकांना तर खजिना सापडल्यासारखं झालं. कुजबुज नको, जिना नको, वाट बघणं नको. दवाखान्यासमोरची म्हणाली, "ताई, आता तुमच्याकडे निवांत यायला हरकत नाही." नणंदेला फोनवर फोटो पाठवला, तिने अंगठा पाठवला.

पहिले काही दिवस मीही खूश होते. मग एका दुपारी इस्त्री करताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. वीज गेल्यावर पंख्याचा आवाज थांबतो आणि मग तो होता हे लक्षात येतं, तसं. मी इस्त्री उभी केली आणि वर बघितलं. छत गप्प होतं.

संध्याकाळी ताट घेऊन गेले, तर बाबांची दाढी वाढलेली. मी विचारलं, "आज दाढी नाही केलीत?" म्हणाले, "उद्या करीन. कोण बघतंय?" काहीतरी बातमी सांगावी म्हणून मी टाकीजवळच्या बाईच्या सुनेचं बोलले. एरवी ते त्याच्या पुढचं मला सांगायचे. आता म्हणाले, "असं का," आणि भाकरी मोडत राहिले. दुसऱ्या दिवशी शर्ट कालचाच होता. त्यानंतर शर्टाच्या जागी बनियन आलं. नवरा म्हणाला, "आराम करतायत, करू दे." आराम केलेला माणूस असा दिसत नाही. मला माझ्या सासऱ्यांचा चेहरा कळतो, तो कोमेजत चालला होता आणि मी खाली ब्लाउजना हुक लावत बसले होते.

आणि मग ते टोले सुरू झाले.

दुपारची वेळ. दवाखान्यासमोरची जिन्याखालून पदराला हात पुसत बाहेर आली, आणि छतातून आवाज आला, ठक ठक. आम्ही दोघी वर बघायला लागलो. मला वाटलं, काठी पडली असेल. थोड्या वेळाने पुलाखालच्या मास्तरांची बायको गेली, फ्लश झाला, दार उघडलं, आणि पुन्हा वरून ठक ठक. आता मात्र बायका हसायला लागल्या. "कंडक्टर अजून ड्युटीवर आहेत वाटतं," एकजण म्हणाली.

मी हसले नाही. मला कळलं होतं. खालच्या संडासाला पाणी देणारा पाईप भिंतीतून वरच्या टाकीकडे जातो, बाबांच्या उशाशीच. खाली फ्लश केला की त्यांच्या भिंतीत पाणी उतरण्याचा आवाज होत असणार. ते तो ऐकत पडून होते. माणूस दिसत नव्हतं, बोलणं होत नव्हतं, पण पाणी वाहिलं म्हणजे कोणीतरी आलं आणि गेलं, एवढं त्यांना कळत होतं. आणि ज्यांना गरज नव्हती त्या आम्हाला ते सांगत होते की जागा मोकळी झाली, पुढचं माणूस येऊ दे.

मी मशीन सोडलं आणि वर गेले. पायरीवरच माझे डोळे भरले, ते पुसून आत गेले. ते काठी धरून भिंतीला कान लावून बसले होते. मला बघून ओशाळले. म्हणाले, "सवय गं. हात आपोआप जातो."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला त्या बायकांचा त्रास होत होता का?"

"कसला त्रास?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलू? की संडास करू नका, बायका माझ्याकडे यायच्या बंद होतील? म्हाताऱ्याने असं बोलायचं असतं का?" ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "त्या काही मला भेटायला येत नव्हत्या, मला काय कळत नाही? पण जाता जाता भेटत होत्या. बसमध्ये तरी दुसरं काय असतं. माणसं आपल्यासाठी थोडीच चढतात."

मला त्या क्षणी तो संडास तोडून टाकावासा वाटला. फोमसकट. रागारागात खाली आले आणि त्याच्या दाराकडे बघत उभी राहिले. आणि बघता बघता माझ्या डोक्यात जे आलं ते इतकं सोपं होतं की मला आम्हा सगळ्यांची कीव आली. बाबा वर का आहेत? कारण संडास वर आहे. मग आता खाली काय आहे?

रात्री जेवताना मी विषय काढला. नवरा घास हातात धरून थांबला. म्हणाला, "आपण कुणीच कसा हा विचार केला नाही?" मी म्हटलं, "आपण त्यांची सोय बघत होतो ना."

दुसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं, तर घोडं तिथे अडलं. बाबाच नाही म्हणाले.

"खाली तुझं काम चालतं. बायका ट्रायलला येतात. तिथे मी खाट टाकून बसू? एकही गिऱ्हाईक येणार नाही, आणि यायलाही नको."

"काम वर आणते," मी म्हटलं. "मशीन, टेबल, आरसा, पडदा, सगळं या खोलीत. उजेडही इथे चांगला आहे. खालची खोली तुमची, अंघोळ स्वयंपाकघरातल्या मोरीत. गिऱ्हाईक तुमच्या दारातून येणार, तुमच्यासमोरून वर येणार."

ते विचारात पडले. त्यांचा हात पलंगाच्या दुसऱ्या बाजूवर फिरत होता. त्या पलंगावर सासूबाई गेल्या होत्या. खिडकीतली जाईची कुंडी त्यांनी लावलेली. "खाली गेलो की पुन्हा वर येणं नाही," ते म्हणाले.

मला खोटं बोलवलं नाही. "नाही बाबा. परत जिना चढवणं जमायचं नाही."

"म्हणजे एकेरी तिकीट."

"एकेरी."

"सांगतो उद्या," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. एका गणवेशाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि उसवत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम वर गेले नाही, चहा नवऱ्याच्या हाती पाठवला आणि इस्त्री करत राहिले. कान छताला लावून. बराच वेळ काहीच नाही. मग एक टोला आला. एकच. माझा हात थांबला. एक टोला म्हणजे थांबा. मी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि स्वतःला समजावलं, त्यांची खोली आहे, त्यांची मर्जी, जबरदस्ती नाही करायची.

आणि मग दुसरा टोला आला.

नंतर विचारलं, मध्ये एवढा वेळ का लावलात? म्हणाले, "कोणी धावत येत असेल तर दुसरी घंटी जरा उशिरा द्यायची असते. तुझ्या सासूला सांगत होतो."

प्लंबरला पुन्हा बोलावलं. कारण वॉकर दारातून आत जाईना. दार आत उघडणारं, वॉकर रुंद, आणि आत गेलं तरी वळायला जागा नाही. घरात वॉकरचं माणूस असताना आम्ही वॉकर न जाणारा संडास बांधला होता. प्लंबर एक शब्द बोलला नाही, हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं, त्यामुळे जास्तच लागलं. त्याने बेसिन काढून बाहेर लावलं, दार रुंद केलं आणि बाहेर उघडणारं केलं, भिंतीला धरायला दांडी बसवली. भावाला फोनवर मी एवढं मात्र आवर्जून सांगितलं, की करणार असशील तर वॉकर आत जाईल असा कर. तो म्हणाला, "अगं, आमच्याकडे वॉकर कुणाला लागतो?" मी म्हटलं, "आत्ता नाही लागत."

बाबांना खाली आणायचा दिवस रविवार धरला. खुर्चीला पुढून नवरा, मागून प्लंबर, बाजूने पुलाखालचे मास्तर उगाच हात लावून. नणंद मुद्दाम आली होती आणि जिन्याच्या तळाशी उभी राहून सगळ्यांना ओरडत होती. वळणावर, जिथे कपाट अडकलं होतं, तिथे खुर्चीही अडकली. सगळे एकदम ओरडायला लागले. फक्त बाबा शांत होते. "मागच्याने थोडं वर घ्या," ते म्हणाले. "घाई नाही. गाडी वळतेय." खुर्ची तिरकी झाली, भिंतीचा थोडा रंग निघाला आणि ती सुटली. खाली टेकवली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी मात्र आधी दाराकडे बघितलं. दार उघडं होतं, आणि समोरून रस्ता जात होता. कितीतरी दिवसांनी ते त्याच्या बरोबरीने बसले होते.

नणंदेने त्यांचा हात हातात घेतला. "बाबा, मला वाटलं होतं तुम्हाला शांतता हवी आहे."

"हवी आहे ना," ते म्हणाले. "रात्री."

मग ते वॉकर धरून उठले, स्वतःचे स्वतः जिन्याखाली गेले, आणि त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही सगळे बाहेर उगाच इकडे तिकडे बघत उभे. फ्लश झाला. ते बाहेर आले आणि म्हणाले, "संडास चांगला आहे. कोणी सुचवला?" नणंद रडता रडता हसायला लागली.

सोमवारी सकाळी मी वर माझ्या नव्या खोलीत मशीन लावलं. पलंग होता तिथे आता कटिंगचं टेबल आहे, जाईची कुंडी बाबांबरोबर खाली त्यांच्या खिडकीत गेली. कपडे लावले, आरसा पुसला. पण पहिली बाई आत ट्रायल करत होती आणि बाकीच्या जिन्यावरून वर येऊ पाहत होत्या. बोलण्याचा आवाज अगदी वळणापर्यंत आला. पडद्याआडची बाई घाबरून म्हणाली, "ताई, कोणी येतंय." काय करावं ते सुचेना. मग कोपऱ्यातली कापड मोजायची लाकडी पट्टी दिसली. ती घेतली आणि जमिनीवर एक टोला दिला.

जिन्यातला आवाज तिथल्या तिथे थांबला. खालून बाबांचं बोलणं ऐकू आलं, "मागे या, मागे या. वर ट्रायल चाललीय. बसा. तुम्ही टाकीजवळच्या ना? नातू चालायला लागला का?"

ट्रायल झाली. बाई कपडे बदलून केस सारखे करत बाहेर आली. मी जिन्याच्या वळणापर्यंत उतरून खाली वाकून बघितलं. बाबा दाराशी खुर्चीत बसले होते, गुळगुळीत दाढी, उतरत्या खांद्याचा निळा शर्ट, मांडीवर काठी. त्यांच्याभोवती तीन-चार बायका, एकीच्या हातात चहा, आणि जिन्याखालचं दार कुणीतरी नुकतंच लावून घेतलेलं. त्यांना मी दिसत नव्हते. मी परत आत आले, पट्टी उचलली आणि दोन टोले दिले.

"चला," खालून बाबांचा आवाज आला, मी लग्न होऊन आले तेव्हा होता तसा, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा. "पुढे चला. वर जागा आहे."